सर हात लावत नाहीत

रत्नपारखी सर शिकवायला बसले की स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवतात. समोर विद्यार्थ्याची वायर भलत्याच भोकात चाललेली असते, सरांना घाम फुटतो, खुर्ची करकरते, पण हात काही बाहेर येत नाहीत. "तुमचं तुम्ही बघा. जळलं तर जळू द्या," एवढंच म्हणतात.

वाळूजच्या कारखान्यात मेंटेनन्सला आयुष्य काढून सर निवृत्त झाले आणि आमच्या सोसायटीच्या मीटिंगच्या खोलीत त्यांनी मायक्रोकंट्रोलरचा वर्ग काढला. मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढी चिप. तिला प्रोग्रॅम लिहून द्यायचा आणि तिच्याकडून दिवे, मोटरी चालवून घ्यायच्या. मी शाळेत मराठी शिकवते. माझा पहिला दिवा लुकलुकला तेव्हा मी शेजारणींना हाका मारून दाखवला. सरांनी विचारलं, "का लागला?" मला सांगता येईना. "मंग तो तुमचा नाय. परत करा." चार वेळा करायला लावलं. मला या माणसाचा मनस्वी राग यायचा.

दुष्काळाचं वर्ष होतं. हर्सूलच्या पुढं वाढत वाढत शहर आमच्यापर्यंत आलं, पाणी मात्र मागंच राहिलं. नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही पाऊण तास. खालचा हौद लहान. तो भरायला लागताच मोटरनं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवलं नाही, तर उरलेलं रस्त्यावर वाहून जायचं. वॉचमनला नेमकी तेव्हाच डुलकी लागे. म्हणून सरांनी आमच्या वर्गाला काम दिलं: हौदात पाणी आलं की मोटर आपोआप लागली पाहिजे. प्रोग्रॅम माझ्याकडे आला. चेअरमन जाधवांनी बजावलं, "पाणी वाया गेलं तर वर्ग बंद. खोलीला कुलूप."

नळाचा दिवस उजाडला. हौदात सोडलेली, पाण्याची चाहूल घेणारी तार बुडाल्यावर आम्ही यंत्रणेची वीज चालू केली. हौद भरत आला, मोटर गप्प. जाधव म्हणाले, "जुनं बटण दाबा." जुनं बटण आम्ही उत्साहाच्या भरात काढून टाकलं होतं. सरांनी ते काढताना पाहिलं होतं आणि तोंडातून ब्र काढला नव्हता.

"सर, तुम्ही करा की."

सर कट्ट्यावर हातांवर बसलेले. "बाईंचा प्रोग्रॅम आहे. बाई बघतील."

हौद वाहायला लागला. बायका रस्त्यावरचं पाणी तांब्यांनी बादलीत भरत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. मी लॅपटॉपवर एकेक ओळ वाचत होते. निबंधातल्या चुका लाल शाईनं शोधणारी मी, मला माझीच चूक दिसेना. शेवटी वैतागून मी पाण्यातली ती तार ओढून बाहेर काढली, आणि मोटर सुरू झाली. तार पाण्यात सोडली, बंद. तेव्हा उमगलं. मोटरचा खटका चिपनं शून्याचा इशारा दिल्यावर लागणारा होता आणि मी प्रोग्रॅममध्ये एकाचा दिला होता. पाणी असताना मोटर झोपणार आणि नसताना धावणार, असा उफराटा कारभार मी स्वतःच्या हातानं लिहिला होता.

दोन ओळी बदलल्या. मोटर लागली, आणि पाच मिनिटांत नळ गेला. टाकी अर्धीही भरली नाही. जाधवांनी खिशातून कुलूप काढलं. सरांचा वर्ग माझ्यामुळे बुडाला या विचारानं मला रडू यायला लागलं.

तेवढ्यात फाटकाशी टँकर येऊन उभा राहिला. ड्रायव्हरनं विचारलं, "रत्नपारखी साब कौन है? कल बोल के गये थे."

जाधवांनी कुलूप परत खिशात घातलं आणि ते निघून गेले. टँकरचा पाइप हौदात सोडून सर माझ्याशेजारी बसले. मी फणकाऱ्यानं म्हणाले, "म्हणजे आमच्यावर विश्वास नव्हताच तुमचा."

"तुमच्यावर व्हता. माझ्यावर नव्हता. पाणी चाललेलं बघून मला राहवलं नसतं, तुम्हाला बाजूला सारलं असतं." त्यांनी पायानं पाइप हौदात नीट सारला. "लेकीच्या टायमाला हे सुचलं नाय, बाई. तिनं हातात पाना घेतला की मी ओढून घ्यायचो, लवकर व्हावं म्हणून. आता फोनवर खुशाली सांगते. विचारत काहीच नाय."