सरदारच्या जागी राजवर्धन

राजवर्धनच्या फ्लेक्सच्या दुकानात दोन कॉम्प्युटर होते. पुढच्यावर तो डिझाइन करायचा, मागचा छपाईच्या मशीनला जोडलेला होता, आणि या दोघांमध्ये पेन ड्राइव्ह घेऊन तो दिवसभर येरझाऱ्या घालायचा. गेल्या बाजारी एका शेळीने तो पेन ड्राइव्ह चावून भुगा केला, तेव्हा त्याने ठरवलं, आता बास. पुढच्या कॉम्प्युटरवरचं फोल्डर नेटवर्कवर शेअर करायचं आणि मागच्यावरून थेट उघडायचं.

व्हिडिओत हे काम फार सोपं दिसत होतं. प्रत्यक्षात मागचा कॉम्प्युटर पासवर्ड मागत बसला. राजवर्धनने होते नव्हते तेवढे सगळे पासवर्ड देऊन पाहिले, पण गडी काही ऐकेना. शेवटी वैतागून त्याने पासवर्डची भानगडच काढून टाकली आणि फोल्डर सगळ्यांना खुलं केलं. कुणीही यावं, बघावं, बदलावं. आटपाडीत दिवसा दाराला कडी तरी कोण लावतं? फोल्डर लगेच उघडलं आणि राजवर्धन आनंदाने खुर्चीसकट गोल फिरला.

'सगळे' म्हणजे नेमके कोण, याचा विचार मात्र त्याने केला नव्हता. दुकानाच्या वर सुलाबाईंचं वधू-वर मंडळ होतं आणि दोघांचं वायफाय एकच होतं. राजवर्धनचं स्थळही त्यांच्याकडेच धूळ खात पडलेलं. आज मात्र त्या त्याचा फोटो सांगलीच्या मयूरीच्या घरी पाठवणार होत्या. मयूरीचा फोटो पाहिल्यापासून त्याची भूक उडाली होती, आणि हे स्थळ हातचं गेलं तर आपलं काही खरं नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं.

सुलाबाईंचा कॉम्प्युटर जागा नाही म्हणून कुरकुरत होता. तेवढ्यात त्यांना पडद्यावर हे नवं फोल्डर दिसलं. देवच पावला म्हणायचा. त्यांनी आपल्या उपवर मुलांचे फोटो तिकडे हलवायला घेतले. कॉम्प्युटरने विचारलं, 'फोटो १' नावाची फाईल इथे आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? सुलाबाईंनी 'हो' दाबलं. लग्न जुळवणाऱ्याने तोंडातून 'नाही' काढू नये, असा त्यांचा नेम होता आणि तो त्या कॉम्प्युटरशीही पाळत.

वरचा 'फोटो १' म्हणजे सुटातला राजवर्धन. खालचा 'फोटो १' म्हणजे मेंढपाळ केरबाचा लाडका मेंढा, सरदार. आज सरदारचा वाढदिवस होता, आणि त्याच्या फ्लेक्समध्ये फोटो याच फाईलमधून उचलला जायचा. नव्या सोयीच्या खुशीत राजवर्धनने छपाई सुरू केली आणि तो केरबाबरोबर चहाला गेला. परत आल्यावर दोघांनी गप्पांच्या नादात फ्लेक्स न बघताच गुंडाळला आणि केरबाने तो एसटी स्टँडवर बांधायला धाडून दिला.

थोड्या वेळाने राजवर्धनने डिझाइन उघडलं, तर मेंढ्याच्या जागी तो स्वतःच हात जोडून उभा. मोबाइलमध्ये सरदारचा फोटो होता. तो त्याने घाईघाईने त्याच फोल्डरमध्ये पुन्हा 'फोटो १' म्हणून ठेवला, कॉम्प्युटरने तेच विचारलं, त्यानेही 'हो' म्हटलं, आणि नवा फ्लेक्स काखेत मारून तो स्टँडकडे पळत सुटला.

तिथे जुना फ्लेक्स दिमाखात फडकत होता. 'पाच कळपांचा बाप, आटपाडीची शान सरदार यास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. विकणे नाही.' खाली लाजून हसणारा राजवर्धन आणि कोपऱ्यात त्याच्या दुकानाचा मोबाइल नंबर. लोक फोटो काढून सगळीकडे पाठवत होते. सरदारला भंडारा लावून केरबा वाजतगाजत आला आणि वर बघतच राहिला.

"माज्या सरदारनं तुजं काय वाकडं केलंय रं?" त्याने खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

राजवर्धन उत्तर देणार तोच सुलाबाईंचा फोन आला.

"तुजा फोटो धाडला बग सांगलीला. पर आता चष्मा लावून बगतीया, तर त्येला लोकर हाय."

"आवं काकी, त्यो मेंढा हाय," एवढंच राजवर्धन म्हणू शकला. मग तो स्टँडच्या कट्ट्यावर मटकन बसला. त्याला खरोखर रडू येत होतं. शेजारी सरदार नव्या फ्लेक्सचा कोपरा निवांत चघळत होता. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला, या वेळी अनोळखी नंबरवरून.

"मी मयूरी, सांगलीहून बोलतेय. सुलाबाईंनी मेंढ्याचा फोटो पाठवलाय. आणि आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक फ्लेक्स फिरतोय. त्याच्याखाली तुमच्या बायोडाटातलाच नंबर आहे, म्हणून ओळखलं."

राजवर्धनने मेंढ्याच्या, कॉम्प्युटरच्या आणि शेळीच्या वतीने एकदमच माफी मागितली. पलीकडे बराच वेळ नुसतं हसू ऐकू येत होतं.

"त्या पाच कळपांचं काय ते समोर बसून सांगा," ती म्हणाली. "बाजारात बघायला घेणाऱ्यानंच यायचं असतं ना? मग रविवारी आम्हीच येतो. फक्त ते 'विकणे नाही' लिहिलंय, त्याच्या जागी दुसरं काही..."

राजवर्धनने प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही आणि 'हो' म्हणून टाकलं.