निवृत्ती मास्तरांमुळे रखडलेलं अनावरण

पुतळा होण्यासाठी माणसाला थोरपण, निधी आणि मरण अशा तीन गोष्टी लागतात. थोरपण कमी पडलं तर चौथऱ्याची उंची वाढवून भागवता येतं. मरणाला मात्र अजून पर्याय सापडलेला नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या शहराच्या पुतळ्यांचा इतिहास या नियमाला धरूनच आहे. (आमच्याकडे नियमाने येत नाही ते फक्त नळाचं पाणी.)

पहिला पुतळा दानशूर झुंबरशेठ यांचा. त्यांनी गावासाठी विहीर खोदली, म्हणून पुतळ्याचं बोट विहिरीकडे आहे. पुढे विहीर बुजवून तिथे सार्वजनिक मुतारी बांधली. बोट तसंच असल्यामुळे शेगावला निघालेल्या प्रवाशांची आजही सोय होते. मेल्यावर इतकी लोकसेवा फार थोड्यांच्या नशिबी येते. दुसरा पुतळा मोतीराम पहिलवानांचा. त्यांच्या दंडावर शिकवणीवर्गाच्या जाहिराती चिकटवतात. दंड मोठा असल्याने दोन मावतात.

तिसरा पुतळा निवृत्ती मास्तरांचा. मास्तरांनी अर्ध्या शहराला पाढे शिकवले आणि उरलेल्या अर्ध्याला शाळेतून पळवून लावलं, त्यामुळे त्यांच्या थोरपणाबद्दल एकमत होतं. फेब्रुवारीत ते आजारी पडले. अकोल्याच्या डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. निधी मार्चअखेर परत जाणार होता, म्हणून नगराध्यक्ष चंद्रशेखरभाऊंनी दूरदृष्टी दाखवून पुतळा करायला टाकला. तो वेळेत आला, चौकात बसला, वरून कापड गुंडाळलं. आणि एप्रिलमध्ये मास्तर स्वतःच्या पायांनी घरी आले.

शहराने हा धक्का संयमाने सोसला. जिवंत माणसाच्या पुतळ्याचं अनावरण आमच्या पालिकेत करता येत नाही, पण म्हणून मास्तरांना कोणी वावगा शब्द बोललं नाही. (आमच्याकडे संस्कार आहेत.) भाऊ फक्त भेटायला गेले.

"मास्तर, तब्येत कशी हाय?"

"ठणठणीत. दोन भाकरी खाऊन राह्यलो."

"असं एकदम काऊन ठरवता? पुन्हा एकदा डॉक्टरले दाखवा ना."

मास्तरांच्या पत्नी रुखमाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या कडाडल्या, "भाऊ, पुतळ्यावर कापड टाकलं ना, तेवढंच पुरे. माह्या नवऱ्यावर टाकाची घाई नोका करू!"

मास्तर पडले भिडस्त. त्यांना जगायचं होतं, पण आपल्यापायी शहराचं अडू नये असंही वाटे. ते चौक टाळून, वळसा घालून बाजारात जाऊ लागले. तिथे हलवाई त्यांना जिलबी फुकट देई. त्यांना साखरेचा आजार आहे हे त्याला ठाऊक होतं. मी मास्तरांचाच विद्यार्थी. मला ते मनापासून आवडतात. पण चौकही आवडतो.

दिवाळीत मास्तरांना ताप आला, तेव्हा अख्खं शहर त्यांच्या अंगणात लोटलं. बँडवाले आले, मंडपवाल्याने माप घेतलं, भाऊंनी खिशात भाषण आणलं. मास्तरांनी डोळे उघडले, गर्दी पाहिली आणि त्यांना भरून आलं.

"एवढं प्रेम करता तुम्ही? मंग तं मी शंभर वर्षं जगतो!"

त्या दिवशी अंगणात खरंखुरं रडू ऐकू आलं. भाऊंना सावरायला दोघे लागले.

मास्तर आजही सकाळी फिरायला जातात. आणि वाचकहो, ते केव्हा जातात हे बघायलाच आपण इथवर वाचत आलात, हे आम्ही जाणतो. ते गेलेले नाहीत. आपल्या दुःखात आमचं शहर सहभागी आहे.