डिकीचं माप

“ही डिकी बंद झालीच पाहिजे!” असं म्हणत प्रभाकररावांनी तिसऱ्यांदा झाकण दाबलं. झाकण तिसऱ्यांदा वर आलं.

आत नवी कोरी बाबागाडी आडवी पडली होती. महिनाभर अभ्यास करून निवडलेली. बँकेतून निवृत्त झाल्यापासून प्रभाकररावांच्या वाट्याला एवढं मोठं काम आलं नव्हतं. ‘आपण गाडीनंच फिरणारी माणसं. बाबागाडी आधी डिकीत बसली पाहिजे, मग तिच्यात बाळ,’ हे त्यांनी सुनेला, तेजस्विनीला, पटवलं होतं. मोटारीच्या पुस्तिकेतून डिकीचं माप उतरवून घेतलं होतं आणि पर्वत पाटिया भागातल्या दुकानात टेप लावून एकेक बाबागाडी चार-चारदा मिटवून बघितली होती.

पुस्तिकेत एकच गोष्ट नव्हती. गेल्या वर्षी मोटारीला सीएनजी बसवला, तेव्हा गॅसची टाकी डिकीत आली होती. बसवून घेणारे प्रभाकररावच.

“बाबा, टाकी आहे हे माहीत नव्हतं तुम्हाला?” मुलानं, आशिषनं, विचारलं.

“माहीत कसं नसेल? मीच तर बसवली! पण माप घेताना टाकी कुणाला आठवते?”

त्यांनी तिथूनच दुकानदाराला फोन लावला. “डिकीत टाकी आहे का, हे गिऱ्हाइकाला विचारायला नको?”

“काका, माप तो तमे लाव्या हता,” पलीकडून गुजरातीत थंड उत्तर आलं; माप आणणारे तर काकाच होते.

इकडे उशीर होत होता. कामरेजला प्रभाकररावांच्या बायकोच्या, अलकाबाईंच्या, धाकट्या बहिणीची, नूतनची, वास्तुशांत होती. सात महिन्यांची नात त्यांच्या माहेरच्या माणसांनी अजून फोनवरच बघितली होती. नातीला कडेवर घेऊन मोटारीतून उतरायचं, हे अलकाबाईंनी दोन महिन्यांपासून मनाशी ठरवून ठेवलं होतं. साडीसुद्धा त्या हिशेबानं निवडली होती.

प्रभाकररावांनी बाबागाडी मागच्या सीटवर घातली, तिला पट्टा लावला आणि स्वतः पुढं आशिषशेजारी बसले. मागं तेजस्विनी आणि बाळ कशीबशी मावली.

“अगं, तू ये ना रिक्षानं मागून,” ते काच खाली करून म्हणाले.

“मी?” अलकाबाईंचा आवाज पार्किंगभर घुमला. “माझ्या बहिणीची वास्तुशांत, माझी नात, आणि मी रिक्षात? हे धूड मात्र पट्टा लावून मोटारीत?”

“तिला चाकं आहेत, ती घरंगळते.”

“मला गुडघे आहेत. त्यांचं माप घेतलंत कधी?”

“बाबा, राहू द्या ना घरी ती,” तेजस्विनी म्हणाली.

“घरी? प्रवासासाठी घेतलेली वस्तू घरी?”

“बरोबर आहे, घरी नकोच,” अलकाबाई म्हणाल्या. त्यांनी पुढचं दार उघडलं. “ज्यानं निवडली त्यानं आणावी. उतरा.”

प्रभाकरराव बाबागाडीसह दोन बस बदलून कामरेजला पोचले तेव्हा आरती होऊन गेली होती. नात या कडेवरून त्या कडेवर फिरत होती. बाबागाडीकडे कुणी ढुंकून बघितलं नाही; नूतननं तेवढे तिच्यात नारळ ठेवले. अलकाबाईंनी त्यांचं ताट वाढलं. वाढता वाढता त्यांना नवऱ्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसलं. कोपरही खरचटलं होतं.

“बाबा, बाबागाडी राहू दे मावशीकडे. चला, बसा,” निघताना आशिष म्हणाला.

“मुळीच नाही!” प्रभाकरराव बाबागाडी ढकलत बसस्टॉपकडे निघाले.

पुढच्या सीटवर बसलेल्या अलकाबाई क्षणभर त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग पुटपुटत खाली उतरल्या.

“तू कशाला?” प्रभाकरराव गुरगुरले.

“कुणाच्या तरी पायावर घालाल ती. मग निस्तरायचं कुणी?”

बसमध्ये अलकाबाईंना खिडकीशी जागा मिळाली. एका हातानं दांडा आणि दुसऱ्या हातानं बाबागाडी धरून प्रभाकरराव शेजारी उभे राहिले. कंडक्टरनं रिकाम्या बाबागाडीत वाकून बघितलं.

“बच्चा किधर है?”

प्रभाकररावांनी तोंड उघडायच्या आत अलकाबाईंनी त्यांच्याकडे बोट दाखवलं.

“ये रहा. फुल टिकट दे दो.”