पाच गोलांची कॅसेट

धुळ्यात मला भिला मास्तरांनी उभं केलं, हे आधी सांगून टाकतो. ते सांगितलं की बाकीचं सांगायला मी मोकळा.

भिला मास्तरांच्या हातात कुणी लग्नाची पत्रिका दिली, की ते आधी ती उलटी करून बघतात. लग्न कुणाचं, कुठल्या गावी, हे सगळं नंतर. मागची बाजू कोरी असली की चेहरा खुलतो. "झकास शे!" देणाऱ्याला वाटतं, सोयरीक पसंत पडली. मागे कापडदुकानाची जाहिरात छापलेली असली, की पत्रिका परत देऊन म्हणतात, "लगनमा काही दम दिसत नही भो."

कारण मास्तरांचा लग्नात वाजवणारा बँड आहे आणि त्याचं सगळं लिखाण ते पत्रिकांच्या पाठीवर करतात. एका धुनेला एकाच लग्नाच्या पत्रिका, प्रत्येक वाजवणाऱ्याला एकेक. त्यांचं नोटेशन जगात दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही, आम्हाला मात्र लगेच येतं, कारण त्यात मात्रा नाहीत, पावलं आहेत. 'बारा पावलं चूप. चार पावलं वर चढ. मग हळू.' आणि पुढच्या बाजूला वधूवरांची नावं असल्यामुळे तालमीत आम्ही धून नावांवरून ओळखतो. "प्रकाश-मंगलापासून घ्या रे!" असं मास्तर ओरडले की नवख्या माणसाला कळत नाही, हा बँड आहे की वधूवर सूचक मंडळ.

मी मूळचा कुडाळकडचा. सहावीत शाळा सोडली आणि क्लॅरनेट घेऊन सर्कशीच्या बँडमध्ये शिरलो. दहा वर्षं तंबूत वाजवलं. सर्कस धुळ्यात असताना मला मुदतीचा ताप आला. तीन आठवडे दवाखान्यात पडून होतो. बाहेर आलो तर मैदानावर तंबूच्या खुंट्यांची भोकं तेवढी उरली होती. शेजारच्या खाटेवरच्या नातलगाला भेटायला मास्तर यायचे. माझ्या उशाला चादरीत गुंडाळलेलं क्लॅरनेट त्यांनी पाहिलं होतं. "वाजाडता येस का?" एवढंच विचारलं. हो म्हणालो. त्या दिवसापासून मी त्यांच्या बँडमध्ये आहे. माझं आडनाव त्यांनी आजवर विचारलेलं नाही. "कोकण्या" म्हणतात, तेवढ्यावर भागलंय.

तर कॅसेट. तेव्हा गल्लोगल्ली कॅसेटी निघत होत्या. भजनांच्या, लोकगीतांच्या, नकलांच्या. मास्तरांच्या मनात मात्र भलतंच होतं. दुसऱ्यांची गाणी नाहीत, सगळ्या धुना स्वतःच्या. एका बाजूला वरात लग्नघरी जाते ते सगळं. दुसऱ्या बाजूला, लग्न लागल्यावर बँडवाले वाद्यं खांद्यावर टाकून परत निघतात, तो रस्ता.

"परत जाताना आपण कुठे वाजवतो?" मी विचारलं.

"म्हनीसनच," मास्तर म्हणाले. म्हणजे, म्हणूनच तर.

रेकॉर्डिंगला त्यांनी पितृपंधरवडा धरला, कारण बँडला तेव्हाच कुणी बोलावत नाही. माणसं कुरकुरली. पितरांत कुणी नवं काम धरतं का? मास्तर म्हणाले, "लोके ऐकोत ना ऐकोत, पितर तरी ऐकतीन." माणसं वाद्यं पुसायला लागली.

जागा मिळाली जळगावजवळ असोद्याच्या रस्त्यावर, जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये. मालकाच्या मुलाच्या वरातीत आम्ही वाजवलं होतं. कापूस यायला अवकाश होता, पण दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रं दुरुस्त करायला माणसं येणार होती. म्हणजे आम्हाला एकच दिवस. त्यात चारला लाईट जायची. मशीन घेऊन जळगावचा मधू आला होता. तो भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करायचा. माईक एकच.

मधूने आम्हाला शिस्तीत खुर्च्यांवर बसवलं. बसलो आणि गोंधळ झाला. प्रत्येकाची धून वेगळ्या वेळी संपली. ढोलवाला सुखदेव तर सगळे थांबल्यावरही वाजवत होता. रोज वाजवणारी माणसं, अशी नापास कशी झाली? मास्तरांनी आमच्या पायांकडे पाहिलं. सगळे पाय जागच्या जागी चुळबुळत होते. आयुष्यभर चालत वाजवलेलं. आमचा ताल पायांत होता आणि पाय खुर्चीखाली.

"उठा रे बठ्ठा!"

आम्ही सगळे उठलो. मास्तरांनी चुना मागवला. मध्ये माईक ठेवला आणि त्याच्याभोवती जमिनीवर एकात एक असे पाच गोल आखले. सगळ्यांत आतल्या गोलात आम्ही दोन क्लॅरनेटवाले. मग कॉर्नेट, मग मोठा बाजा, मग ताशे. सगळ्यांत बाहेर, भिंतीला खेटून, सुखदेवचा ढोल. ज्याचा आवाज मोठा तो लांब. कुणाला एकट्याने वाजवायचं असलं, की त्याने चुन्याच्या आडव्या रेघेवरून आत यायचं, माईकपाशी एक फेरी मारायची आणि आल्या वाटेने बाहेर पडायचं. कोण कितव्या पावलाला कुठली रेघ ओलांडणार, हे सगळं पत्रिकांवर लिहून काढलं. अर्ध्या तासात.

सुखदेव भिंतीपासून ओरडला, "मास्तर, अजून लांब जाऊ का? यावलला जाऊन वाजवतो!"

"यावललेबी जाशी. पहिले आठे तर वाजाड." मास्तरांनी पायाखालच्या जमिनीकडे बोट दाखवलं.

आम्ही अनवाणी चालू लागलो. मास्तर स्वतः लाल कोट आणि जरीच्या पट्ट्या चढवून आले होते. मधू हसला. "मास्तर, कॅसेटमध्ये कोट दिसत नाही." "कोनी सांगं?" मास्तर म्हणाले. वरातीत ते बँडकडे तोंड करून उलटे चालतात, तसेच इथेही उलटे चालत, हात हलवत फिरत राहिले. आणि सांगतो, वाजलं! कॉर्नेट लांबून येऊन कानाशी यायचं आणि निघून जायचं. मधूने कानाला लावलेलं यंत्र काढून आमच्याकडे पाहिलं आणि परत लावलं. पहिली बाजू दोनच्या आत पार पडली.

दुसऱ्या बाजूची शेवटची धून रमेश-सुशीलाच्या पत्रिकेवर होती. त्यात एका जागी सगळे थांबतात, फक्त पाय चालतात. माझं एकट्याचं क्लॅरनेट एक वरचा सूर आठ पावलं धरतं आणि सोडतं. सोडला की सगळी वाद्यं एकदम उठतात. सगळी कॅसेट त्या जागेसाठी बांधलेली होती.

मी सूर सोडलाच नाही. बारा पावलं झाली, चौदा झाली. त्यात चालायचंही थांबलो. मागचा क्लॅरनेटवाला माझ्या पाठीवर आदळला, ताशे आधीच सुटले होते, सुखदेवने कपाळाला हात लावला. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. घड्याळात साडेतीन झाले.

"कोकण्या, श्वास संपत नाही का रे तुझा?" सुखदेव म्हणाला. "माणूस आहे की भाता?"

मी खाली बसलो.  मास्तरांना म्हटलं, "मला काढा. दुसरा कुणी आणा. माझ्यामुळे सगळं जाईल." आणि जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं. सर्कशीत झुल्याचा खेळ असला की क्लॅरनेटने सूर धरायचा. वरच्या माणसाने झोका सोडला की धरायचा आणि समोरच्याने त्याचे हात पकडले, दोघे खाली जाळीत उतरले, पाय जमिनीला लागले, की मग सोडायचा. बँडमास्तर दम द्यायचा, तू सोडलास तर तोही सुटेल. दहा वर्षं मी तेच खरं मानलं. सूर वर गेला की माझी नजर वर जाते, आणि कुणी खाली उतरल्याशिवाय माझ्याने सोडवत नाही.

मला वाटलं, रागावतील. किंवा दुसऱ्या क्लॅरनेटवाल्याला पत्रिका देतील. मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं," म्हणाले. मधू ज्या स्टुलावर बसला होता ते त्याच्याखालून काढून घेतलं आणि आतल्या गोलाला लागून ठेवलं. मला वाटलं, चहा ठेवायला असेल.

तिसऱ्यांदा सुरू झालं. ती जागा आली, सगळे गप्प झाले आणि मी सूर धरला. एक पाऊल, दोन, तीन. माझ्यासमोर मास्तर उलटे चालत होते. पाचव्या पावलाला ते स्टुलावर चढले. साठीला आलेला माणूस, लाल कोटात. सातव्याला त्यांनी दोन्ही हात वर केले, थेट माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि आठव्याला उडी मारली.

धप्प.

माझा सूर आपोआप सुटला. सगळा बँड एकदम उठला. असं आम्ही आधी कधी वाजवलं नव्हतं, नंतरही नाही. मास्तर जिथे पडले तिथेच बसून राहिले. पाय मुरगळून वाकडा झाला होता, ते सगळ्यांना दिसत होतं. पण माईक चालू होता. त्यांनी तोंडात कोटाची बाही कोंबली आणि दुसऱ्या हाताने ताल देत राहिले. आम्ही त्यांना वळसा घालून चालत होतो. शेवटच्या पावलापर्यंत.

मधू म्हणाला, "मास्तर, मधे धप्प आवाज आलाय. परत घ्यायचं?" तेवढ्यात लाईट गेली.

"ऱ्हाऊ दे," मास्तर म्हणाले.

मी त्यांचा पाय मांडीवर घेतला. "कशाला उडी मारलीत?" म्हणालो. 

"कोनीतरी खाले यी म्हनीसन वाट देखी ऱ्हायंता ना तू?" ते म्हणाले. "मंग! उनू ना मी खाले."

कॅसेट निघाली. लोकांनी घेतली, चर्चा झाली, जळगावच्या एका म्हाताऱ्या संगीत मास्तरांनी तर दोन वेळा ऐकून निरोप धाडला की असा मांडलेला बँड त्यांनी ऐकला नव्हता. धप्पचं काय ते सगळे विचारतात. भिला मास्तर सांगतात, ढोल पडला. लंगडण्याचं विचारलं तर सांगतात, बसमधून उतरताना पाय मुरगळला. खरं आम्हालाच माहीत आहे.

मास्तर एकटे राहतात. मातीच्या धाब्याचं, म्हणजे सपाट छताचं घर, छतावर जायला लाकडी शिडी. संध्याकाळी ते धाब्यावर बसून पत्रिकांवर लिहायचे, गावातल्या कुठल्या गल्लीत काय वाजतंय ते कान देऊन ऐकायचे. आता खालीच बसतात, चुलीपाशी, कंदील घेऊन. "वर थंडी वाजस," म्हणतात. परवा गेलो तर शिडी भिंतीशी आडवी टाकलेली, तिच्यावर धोतर वाळत घातलेलं.

 भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस काय बोलणार? पण इथे लिहून ठेवतो. मास्तर, तुमच्या धाब्याला एक दिवस मी दगडी जिना बांधून देणार. पायऱ्या बुटक्या, दोन्ही बाजूंना कठडा. तोवर संध्याकाळी मी येत जाईन. तुम्ही माझ्या पाठीवर बसा.