थोरल्या शास्त्राची हरकत

एक होतं बोरखडी गाव. तिथं राहायची मार्थाबाई साळवे, तिची नात तबिथा आणि त्यांचं बोलणारं बायबल. बायबलं सगळ्यांच्याच घरची बोलायची, त्यात नवल काही नाही. पण मार्थाबाईचं होतं आजेसासऱ्याच्या वेळचं, म्हणून त्याला म्हणायचे थोरलं शास्त्र, आणि ते बोलायचं जुन्या छापाच्या मराठीत.

तबिथाचं लग्न ठरलं नव्या चर्चच्या मंडळीतल्या शमुवेल लोखंडेशी. त्यांच्याकडं धाकटं शास्त्र, सोप्या मराठीतलं, चेनच्या पिशवीत राहणारं. गावचा नियम असा, की लग्नात दोन्ही घरच्या शास्त्रांनी एका टेबलावर उघडायचं आणि काना गावच्या लग्नाचा, प्रभूनं रांजणातल्या पाण्याचा द्राक्षारस केला तो भाग आपापल्या शब्दांत वाचायचा. एकानं जरी नकार दिला, तरी लग्न मोडलं!

आणि ऐन लग्नाच्या सकाळी, मांडव गच्च भरलेला असताना, थोरल्यानं नकार दिला.

"असे होणे नाही. त्या चेनवाल्याशेजारी मी बसावयाचे नाही."

लग्न लावायला उभ्या असलेल्या पाळकांनी वहीत लिहिलं : थोरल्या शास्त्राची हरकत. मग रीतसर कारण विचारलं.

"त्याने आधी सांगावे, रांजणात मावत किती होते?"

"शंभर लीटर, आजोबा," धाकटं अदबीनं म्हणालं.

"लीटर! प्रभूने तेथे काय रॉकेल केले होते?"

मांडवात हशा पिकला. नवऱ्याचे वडील थोमा लोखंडे मात्र ताडकन उठले. "चला रे, गाड्या काढा! मापावरून सोयरीक अडवतात ही माणसं."

तबिथाचा चेहरा पांढराफटक पडला. तो बघून मार्थाबाई उठली. तिला अक्षर येत नव्हतं, पण कान शाबूत होते. गेली दहा वर्षं काना गाव आलं, की थोरलं खोकून पुढं जायचं, हे तिनं बरोबर ध्यानात ठेवलं होतं. ती टेबलापाशी गेली नि हळूच म्हणाली, "खरं सांगा. ते पान कुठाय?"

थोरल्यानं पानं घट्ट मिटून घेतली. मग पुटपुटलं, "कसरीने खाल्ले, बाई. चारचौघांत उघडावे कसे?"

ते धाकट्यानं ऐकलं. चेन सर्रकन उघडली. "आजोबा, माझ्या शेवटी टिपणांची कोरी पानं आहेत. एक घ्या ना. कुणी काही लिहीतच नाही त्यांवर."

पान मिळालं, पण जुने शब्द? मार्थाबाईनं पदर खोचला, डोळे मिटले आणि साठ वर्षांपूर्वी ऐकलेलं घडाघडा म्हटलं. रांजण, मण, सगळं! शब्द तोंडातून निघे नि पानावर जाऊन काळा होई.

थोरल्यानं तपासलं. "एक काना राहिला."

"काना गाव, की अक्षराचा काना?" पाळकांनी लेखणी उचलून विचारलं.

"अक्षराचा."

"तो तुम्हीच द्या," मार्थाबाई म्हणाली. "मी कधी गिरवलाय?"

थोरलं हसलं! मग दोघांनी वाचलं, आधी थोरल्यानं, मग धाकट्यानं. वाचून झालं, तेव्हा मांडवामागं बारा रांजण उभे होते, द्राक्षाच्या रसानं काठोकाठ. थोरल्याचे सहा मणाच्या मापाचे, धाकट्याचे सहा लीटरच्या. थोमा लोखंड्यांनी दोन्हींतला रस चाखला आणि पुन्हा खाली बसले.

पाळकांनी लिहिलं : हरकत मागे. रांजण बारा.

आता दोन्ही शास्त्रं तबिथाच्या घरी एका फळीवर असतात. धाकटं वाचतं, थोरलं चुका काढतं. तबिथाला जुळं झालं, बारशाला सगळं गाव जेवून गेलं, तरी रांजण अजून निम्मेसुद्धा रिकामे झालेले नाहीत.