हात वर केलेले हवालदार

आमच्या शेजारचे रंगनाथ हवालदार घरातसुद्धा पंचनाम्याच्या भाषेत बोलत. मांजराने दूध सांडलं की आमच्या खिडकीशी येऊन सांगायचे, "मास्तर, अज्ञात मांजराने सदर पातेलं पाडून पळ काढला. दिशा पूर्वेची." वांग्यात कीड निघाली की भाजीवालीपुढे ते वांगं धरून, "बाई, देठापासून एक इंचावर एक भोक आढळून आलं." एकदा देवळाबाहेरून त्यांच्याच चपला गेल्या. मी विचारलं, "चोर सापडला का?" तर दुखावल्या आवाजात म्हणाले, "चोर म्हणू नका, मास्तर. कोर्टात शाबीत होईस्तोवर तो संशयित इसम."

ओतूरला एसटी स्टँडमागे आमची भाड्याची घरं भिंतीला भिंत लागून होती. मी शाळेत शिक्षक. हवालदारांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी, सुमन, घोडेगावला दिलेली. स्वयंपाक स्वतःच करत आणि रोज त्याचा अहवालही देत, "आज दोन भाकऱ्या जळीत अवस्थेत मिळून आल्या."

त्या काळात विहिरींवरच्या मोटारी फार चोरीला जायच्या. हवालदार सायकलवरून पिंपळवंडी, बोरी असं वस्तीवस्तीवर हिंडत आणि प्रत्येक मोटारीचा नंबर वहीत उतरवून घेत. कुणी सांगितलं नव्हतं. "नंबर असला म्हंजे माल वळखता येतो," एवढंच म्हणायचे. त्या वहीवरून काही मोटारी सापडल्यासुद्धा. लोकांनी चहा पाजला आणि विसरून गेले.

मग पिंपळवंडीत मोटारचोऱ्यांवर सभा झाली. मीही गेलो होतो. पंचायत समितीचे एक सदस्य बोलायला उभे राहिले आणि नेमकी कर्ण्याची वायर निसटली. स्पीकरवाला जेवायला गेलेला. बंदोबस्ताला आमचे हवालदार. कुणी काही म्हणायच्या आत ते खुर्चीवर चढले आणि दोन्ही हात उंच करून वायर कर्ण्याला दाबून धरली.

आवाज सुरू झाला. पहिलंच वाक्य आलं, "पोलीस काय करतात? झोपा काढतात! वाटा असल्याबिगर मोटारी जात्यात व्हय?"

टाळ्या पडल्या. हवालदारांनी हात सोडले असते तर भाषण तिथंच बसलं असतं. त्यांनी सोडले नाहीत. मग सदस्यांची नजर त्यांच्याकडे गेली. "बघा, बघा! हे आपलं पोलीस. चोर दिसला की अस्से हात वर!"

सगळी सभा खो खो हसली. भाषण संपेपर्यंत हवालदार तसेच उभे होते. काखेतला घाम कमरेपर्यंत उतरला होता.

परतताना मी म्हटलं, "सोडून द्यायची होती वायर."

"मग म्हनले असते, पोलिसांनी सभा उधळली." थोडं चालून म्हणाले, "झोपा म्हनले, त्याचं काय न्हाई. पण वाटा म्हनले, मास्तर."

त्यानंतर आठवडे बाजारात त्यांना बघून पोरंटोरं हात वर करू लागली. ठाण्यात साहेब म्हणाले, "लक्ष देऊ नका," आणि स्वतः मात्र दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. तरण्या शिपायांनी बदलीचे अर्ज टाकले. हवालदारांनी अर्ज टाकला नाही. पण मोटारींचे नंबर घ्यायला जाणं थांबलं, आणि पंचनामेही. मांजराने दूध सांडलं तर ते गुपचूप फरशी पुसत.

महिन्याभराने मला घोडेगावला मावशीकडे जायचं होतं. एसटीत हवालदार भेटले. सकाळची ड्युटी उरकून वर्दीतच लेकीकडे निघाले होते, मांडीवर पिशवी. नारायणगाव गेल्यावर एकदम म्हणाले, "खुर्चीवरनं समदं दिसत व्हतं, मास्तर. तुमी पण हसलात."

मी हसलो होतो.

"राग न्हाई. माणूस हसतो."

मंचरला गाडी बदलायची होती. "आलोच" म्हणून ते पिशवी घेऊन गेले आणि परतले ते पांढऱ्या शर्टात. शर्टाला कडक घड्या, खांदे उतरलेले. वर्दी पिशवीत. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाले, "तिथवर गेली बातमी. जावेनं इचारलं सुमीला, 'तुझ्या बापाचा वाटा किती?'"

घोडेगावला त्यांनी मला चहाला ओढून नेलं. सुमननं दार उघडलं आणि बापाकडे बघतच राहिली.

आतून तिच्या सासूबाईंचा आवाज आला, "पावणं आज साध्या कपड्यात?"

"सुट्टी हाय," हवालदार म्हणाले.

सुमननं बाहीची घडी बोटानं चाचपली. "आबा, ह्यो माझ्या लग्नातला ना? कापड मीच निवडलं व्हतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अंगावर कधी बघितलाच न्हाई, मास्तर. लग्नादिवशी मंत्र्यांचा दौरा व्हता. वर्दीतच आले, अक्षता टाकल्या आन् गेले पळत. मी बोहल्यावरनं टोपीच तेवढी बघितली."

पिशवीतून खाकी बाही बाहेर आली होती. सुमननं ती नीट आत सारली.

"पुढच्या खेपेला वर्दीत या, आबा. कोन काय म्हनतंय ते मी बघते."

"बघू."

ती खांद्यावरचा शर्ट ओढून सारखा करायला लागली. तो पुन्हा उतरला. "लई ढगळ झालाय वो."

"मापं तवाची हायेत, सुमे," ते म्हणाले, आणि ती शर्ट सारखा करत होती तोवर अंग न हलवता उभे राहिले.