सोळा इंची ड्रमचं पोट

सासूच्या घरात ड्रमसेट टिकवून दाखवणारा शिलाँगमधला पहिला माणूस मीच असणार, असं मी लग्नाआधी मित्रांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

माझी बायको इबा घरातली धाकटी मुलगी. आमच्याकडे घर धाकट्या मुलीला मिळतं आणि जावई तिथे नांदायला जातो. म्हणजे घर तिचं, आणि मी एक सुटकेस व एक ड्रमसेट घेऊन तिथे राहायला गेलेला. पहिला सेट अवाढव्य होता. मी पायाने मोठा ड्रम वाजवला की स्वयंपाकघरातल्या बशा मांडणीच्या कडेपर्यंत चालत यायच्या. आठव्या दिवशी एक खाली उतरली. मी मुकाट्याने तो सेट विकला आणि छोटा आणला.

काय सांगू त्याची गोडी! मोठा ड्रम फक्त सोळा इंची, बाकीचे एकात एक बसणारे. अख्खा सेट एका टॅक्सीत मावतो, वर ड्रायव्हरशेजारी मीही मावतो. मोठा सेट सभेत भाषण केल्यासारखा वाजतो. हा शेजारी बसून बोलतो. ‘धुप्’ म्हणतो आणि गप्प होतो. लायतुमख्रा भागातल्या एका कॅफेत मी दर शनिवारी वाजवतो; तिथे लोक त्याच्यापासून दोन हातांवर बसून चहा पितात आणि कोणी कपाळाला आठी घालत नाही.

सासूबाईंनी घातली. "लहान आहे म्हणून कमी बोलेल, हे तुला कोणी सांगितलं?" त्या म्हणाल्या. "तू पण काही फार उंच नाहीस. रविवारी मामा येतायत. ते ठरवतील हे धूड घरात राहणार की नाही."

मामा म्हणजे सासूबाईंचे थोरले भाऊ, जोरमाणिक. आमच्याकडे आईच्या भावाने एकदा सांगितलं की विषय संपला. मामांनी ‘नाही’ म्हटलं असतं, तर सेट गेला असता आणि त्याच्यासोबत माझं शनिवारचं कॅफेतलं वाजवणंही.

रविवारी सकाळी सगळे चर्चला निघाले. "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच," म्हणून मी मागे राहिलो. सोळा इंची ड्रम जरा जास्तच घुमत होता. त्यावर उपाय सोपा असतो, पोटात कापड कोंबायचं. त्यासाठी पुढच्या पडद्याला मुठीएवढं भोक ठेवलेलंच होतं. स्वयंपाकघरात खुर्चीवर एक जुनी लोकरी शाल गुंडाळून ठेवलेली दिसली. चांगली जड निघाली. जुन्या लोकरीत दम असतो, असं मनाशी म्हणत मी ती भोकातून ढकलून दिली. वाजवून पाहिलं. मखमली आवाज! मी शीळ घालत चर्चला गेलो.

दुपारी मामा आले, कोट न काढता बसले. सासूबाई आत गेल्या आणि बाहेर आल्याच नाहीत. मी डोकावलो तर मायलेकी पिंपात, पेटीत, चुलीमागे शोधत होत्या.

"क्वाय गेली," इबा कुजबुजली. "आईने सुपारी कातरून, पानांना चुना लावून ठेवली होती. सगळीच्या सगळी गेली."

पाहुण्याच्या हातात क्वाय दिल्याशिवाय आमच्याकडे ‘कसे आहात’ सुद्धा खरं धरत नाहीत. त्यात रविवार, एक दुकान उघडं नाही. शेजारी मागावी तर संध्याकाळपर्यंत गावभर व्हायचं.

"पोरा, मामांना येऊन दहा मिनिटं झाली," सासूबाई रडकुंडीला आल्या होत्या. "तोंड कोरडं आहे त्यांचं. तू काहीतरी वाजव बाबा, वेळ काढ."

सासूबाईंनी स्वतः सांगितलं! मी धावत जाऊन बसलो. हळूच सुरुवात केली. ‘धुप्’. मामांची मान किंचित हलली. पुन्हा ‘धुप्’, आणि मागोमाग ‘खुळखुळ’.

"हे काय?" मामांनी विचारलं.

"लाकूड बोलतंय मामा," मी म्हणालो. "भारी लाकडाचाच असा आवाज येतो."

लाकूड अजून बोलावं म्हणून मी पाय जरा जोरात मारला. भोकातून सुपारीचं एक खांड टुणकन उडालं आणि मामांच्या बुटाजवळ जाऊन पडलं. पाय सवयीने पुढचा ठोका देऊन बसला. आता चुना लावलेलं पान बाहेर आलं आणि भोकाच्या काठावर लोंबत राहिलं. त्याच्यामागून शालीची झालर दिसू लागली.

"माझी शाल," सासूबाई दारातून म्हणाल्या. "पानं सुकू नयेत म्हणून मी त्यात..."

वास कसा आला नाही, असं तुम्ही विचाराल. अहो, आमच्या घरात उशांनाही क्वायचाच वास येतो.

मामा वाकले. खांड उचललं, कोटाला पुसलं. ड्रमच्या तोंडचं पान काढून घेतलं आणि दोन्ही तोंडात टाकून डोळे मिटून चावत बसले. त्या दोन मिनिटांत मी सेट मनातल्या मनात तीन वेळा विकला.

"राहू दे याला," शेवटी ते म्हणाले. "आज या घरात मला क्वाय कोणी दिली? याने. ज्याने पाहुणचार केला त्याला घराबाहेर काढणं बरं दिसत नाही."

माझी छाती फुगली.

"आणि जावयाचं काय करायचं?" सासूबाईंनी शाल ओढून काढत विचारलं.

मामांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "त्याचं नंतर बघू. आज फक्त ड्रमचं ठरवायला आलोय."

या गोष्टीला आता सात महिने झाले. मामा दर रविवारी येतात. माझा विषय अजून निघालेला नाही, आणि मीही तो काढत नाही.